पाण्यानं न जाणारा रंग

“त्या खोलीत हीच निजू दे. तशी ही बोलत नाही. काही दिसलंच, तर सांगणार कोणाला?”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, आणि मी ऐकावं म्हणून बोललेलं नव्हतं. लग्न होऊन मी चकाल्याला आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विहिरीवर घरमालकीण क्लाराबायला हे सांगत होत्या, आणि मी केळींच्या मागे धुणं वाळत घालत होते. क्लाराबाय म्हणाली, “जानकीबाई, पोरगी नवीन आहे हो अजून.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “नवीन आहे तेच बरं. जुनी झाली की हीच मला खोली दाखवेल.”

मी पिळलेलं लुगडं पुन्हा पिळलं आणि गप्प राहिले. गप्प राहण्यात माझा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतं.

खोली मागल्या अंगाची. आमच्या दोन खोल्यांत मामंजी, आत्याबाई, दीर दशरथ आणि आम्ही दोघं मावणं शक्य नव्हतं, म्हणून लग्न ठरल्यावर ती घेतली. तोवर ती दोन-तीन वर्षं रिकामी होती. अंधेरीत खोली रिकामी राहते म्हणजे तिच्यात काहीतरी असणार, एवढं मलाही कळत होतं. पण मला काही दिसलं नाही. भिंतीला एक आरसा टांगायचा खिळा होता, आणि त्याच्या खाली, बसलेल्या बाईचं डोकं टेकेल तिथं, तेलाचा जुना डाग. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथं पाठ टेकून बसलं होतं. मीही तिथंच बसू लागले. जागा चांगली होती.

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी घरचे नियम सांगितले होते. दशरथला भात आधी, मामंजींना आमटी पातळ, क्लाराबायच्या कोंबड्यांना हाकलायचं पण दगड मारायचा नाही. आणि दिवेलागणीला मागल्या दारी कोऱ्या कपाळाची बाई आली, तर तिला काही द्यायचं नाही. दार लावून घ्यायचं. मी “बरं” म्हटलं. सासरी मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच.

तो नियम मी सत्तावन सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी मोडला.

आत्याबाई क्लाराबायकडे नेवऱ्या, म्हणजे त्यांच्या नाताळच्या करंज्या, तळू लागायला गेल्या होत्या. ह्यांची, म्हणजे मधुकरांची, कुर्ल्याच्या गिरणीत रात्रपाळी. ते डबा घेऊन नुकतेच बाहेर पडले होते. मी समईला वात करत होते आणि मागल्या दारातून हाक आली.

“सूनबाई, घरात थोडं खोबरेल आहे का गं?”

आवाज अगदी हळू होता. पण परसाच्या टोकाला, विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही शब्द न शब्द ऐकू गेला असता, असा हळू. मी दारात गेले. पांढऱ्या लुगड्यातली एक प्रौढ बाई, डोक्यावर पदर, हात उघडे. कपाळ कोरं होतं. कोरं म्हणजे कसं... भिंतीतला खिळा काढून भोक चुन्यानं लिंपलं की ती जागा सपाट होते, तरी कळते ना, तसं.

मला नियम आठवला. पण माणूस तेल मागतंय, सोनं नाही. मी वाटीत तेल दिलं. ती म्हणाली, “आणि एखादं जुनं फडकं.” मी माझ्या माहेरच्या विटक्या पातळाचा निळ्या काठाचा तुकडा दिला. ती धुण्याच्या दगडावर पाठमोरी बसली. मी आत जाऊन समई लावली, हात जोडले. मागून एकच शब्द आला.

“आहेत.”

मला वाटलं, घरात मोठी माणसं आहेत का विचारतायत. “आत्याबाई क्लाराबायकडे आहेत,” असं म्हणत मी बाहेर आले, तर परसात कोणी नव्हतं. दगडावर वाटी उपडी घातलेली, तिच्याखाली फडक्याची नीट घडी. आत्याबाईंचा आवाज कुंपणापाशी ऐकू आला तशी मी घडी न उघडताच पाण्याच्या हंड्यामागे सारली. तेल कुठं गेलं ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं बोलायचं तरी बोलावं लागतंच.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले. मामंजी आत घोरत होते. क्लाराबायचा मुलगा विन्सेंट नेवऱ्यांचं ताट घेऊन आला होता. नवा सूट, केसांना पाव बाटली ब्रिलियंटाइन, आणि चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, अजून अवकाश. गुणाजीकाका कंदिलाजवळ होते. हे मामंजींचे थोरले चुलतभाऊ. अर्धं आयुष्य नाटक कंपनीत पडदे ओढण्यात गेलं आणि उरलेलं अंधेरीच्या एका स्टुडिओच्या फाटकावर. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते.

दशरथ म्हणाला, “काका, आज तीच रात्र ना? वहिनीनं ऐकलेलं नाही अजून.”

“सणासुदीचं कशाला ते?” आत्याबाई म्हणाल्या.

“सण आमचा आहे मामी,” विन्सेंट म्हणाला. “भ्यायचं तर आम्ही भिऊ. सांगा काका.”

काकांनी विडी विझवली. माझ्याकडे बघून म्हणाले, “हे माझ्यावर बेतलेलं नाही हां, सूनबाय. धोंडूवर बेतलं. स्टुडिओत रंग लावायचा, तो धोंडू. धोंडू खोटं बोलत नसे. तेवढी अक्कलच नव्हती त्याला.”

दशरथ हसला. काका हसले नाहीत.

“तू ज्या खोलीत निजतेस ना, तिथं रुक्मिणीबाई राहायची. नाटकातली. मग सिनेमातली. तुम्ही पोरांनी तिला पडद्यावर बघितली असाल, नाव ठाऊक नसेल. तिचं नाव कोणालाच ठाऊक नसायचं. ‘ती रडते ती बाई’, एवढंच.

“कंपनीत आली तेव्हा एवढीशी होती. मालवणाकडची. आई कंपनीच्या चुलीवर. पोरीला पहिलं काम मिळालं ते मेलेल्या राजपुत्राचं. तिरडीवर नुसतं पडून राहायचं. एका खेळाला कानात मुंगी गेली. पोर हललं नाही. पडदा पडल्यावर मग बोंब मारली. मालक म्हणाला, ही पुढे जाईल.”

“गेली का?” विन्सेंट म्हणाला.

“कुठे जाते? मोठी झाली आणि काम बंद. बायकांची कामं तेव्हा बुवाच करायचे. ही विंगेत उभी राहून त्यांच्या निऱ्या काढून द्यायची. भाषणं सगळी पाठ. एकदा मिरजेला आमच्या नायिकेचा घसा बसला. नायिका म्हणजे बुवा, मिशा काढलेला. तर ही विंगेतून बोलली आणि बुवानं नुसते ओठ हलवले. ओरडून नाही, बरं का. हळू. कुजबुज. पण पिटातल्या शेवटच्या माणसाला शब्द न शब्द ऐकू गेला.”

माझा हात सुपात थांबला.

काकांचं लक्ष नव्हतं. “पुढे बायकांना कामं मिळू लागली. ही गेली मालकाकडे. त्यानं तोंड कंदिलाकडे वळवून बघितलं. म्हणाला, नाकात राग आहे, नणंद शोभेल. नणंद झाली, सासू झाली. बावीस वर्षांची असताना पन्नाशीच्या नायकाची आई झाली. तो पाया पडायला वाकला की त्याचे गुडघे वाजायचे, ते ऐकू जाऊ नयेत म्हणून ही मोठ्यानं आशीर्वाद द्यायची. नायिकेचं काम? कधी नाही. मागणंही सोडलं. पण आमची पेटी वाजवायचा नंदकिशोर, त्याला हिचं नाक आवडलं. लग्न केलं दोघांनी. नाटकवाल्यांचं लग्न... पण लग्न ते लग्न.

“मग बोलपट आले. कंपन्या बसल्या. नंदकिशोर एका जथ्याबरोबर रंगूनला गेला, आणि मागोमाग लढाई आली. बरोबरचे दोघे रान तुडवत चालत परत आले. ते म्हणाले, आम्ही सुटलो तेव्हा तो जिवंत होता. एवढंच. पत्र नाही, बातमी नाही. त्या ‘एवढंच’वर बाईनं मरेपर्यंत कुंकू लावलं. रुपयाएवढं.”

“नाटक,” आत्याबाई दारातून म्हणाल्या. “बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही तो काय जिवंत असतो?”

“असेल. नसेल. तू बघायला गेली होतीस?” काका म्हणाले. “आणि गंमत बघा. पडद्यावर तिला कोणी कुंकू लावूच दिलं नाही. विधवा आई. विधवा आत्या. विधवा शेजारीण. रडायला लागली की दिवे धरणारी माणसं नाकं पुसायची. आणि लोक... लोक पडद्यावरचंच खरं धरतात. अंधेरीच्या बाजारात सकाळी ही समोर आली की बायका वाट बदलायच्या. कपाळावर हे एवढं कुंकू, तरी.”

“मी नाही हं बदलली कधी,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“तिची एकच अट असायची. कुंकू पुसणार नाही. झाका. एका डायरेक्टरनं हट्ट केला, पुसलंच पाहिजे. ती उठली, चपला घातल्या, चालू लागली. घरात चूल पेटायची पंचाईत होती तेव्हा. मग धोंडू तिचं कुंकू झाकायचा. वर मेणाचा पातळ थर, त्यावर कातडीच्या रंगाचा रंग. तेलात कालवलेला. वर घागर ओतली तरी हलायचा नाही. पाण्यानं जातच नाही तो. तो उतरतो खोबरेलानं.”

हंड्यामागे ठेवलेली घडी मला तिथून दिसत नव्हती, तरी मी तिकडे बघितलं.

“काम संपलं की आधी कपाळ. बाकी तोंड मागाहून. धोंडू तेलाचं फडकं द्यायचा. आरशासमोर बसून ती पुसायची. खालून कुंकू निघालं, की स्वतःशी म्हणायची... ‘आहेत.’”

“कोण आहेत?” दशरथनं विचारलं.

“नवरा, मेल्या! नवरा आहे. जिवंत आहे. नाव कसं घेईल ती? ‘आहेत.’ रोज. एवढंच म्हणायची आणि उठायची.”

तांदळातला खडा माझ्या बोटांत होता. तो मी टाकलाच नाही. दिवेलागणीला मागून आलेला तो शब्द मी ऐकला होता. आणि त्यावर उत्तर दिलं होतं, आत्याबाई शेजारी गेल्यात म्हणून.

“वहिनी घाबरली बघा,” दशरथ म्हणाला.

“हिला सांगूनच ठेवलंय मी,” आत्याबाई म्हणाल्या. “ती अजून फिरते. दिवेलागणीला मागल्या दारी येते, काहीबाही मागते. देणारीचं कुंकू घेऊन जाते. गावठाणातल्या विमलानं वाटीभर मीठ दिलं होतं. महिन्यात नवरा गिरणीच्या पट्ट्यात गेला. म्हणून म्हणते, दार लावून घ्यायचं.”

म्हणजे नियमाचं कारण हे होतं. ते आधी सांगितलं असतं, तर... पण मला कोण काय सांगणार? मी सांगणारी नव्हते, म्हणून ऐकणारीही नव्हते. मधुकर ह्या वेळी त्याच पट्ट्यांमध्ये उभे होते. जाताना म्हणाले होते, उद्या सुट्टी आहे, तुला वेसाव्याला समुद्र दाखवतो. लग्नानंतर त्यांनी मला विचारून ठरवलेली ती पहिली गोष्ट. माझा हात कपाळाकडे गेला. माझं कुंकू होतं तिथंच होतं, मसुरीच्या डाळीएवढं. मी ते दोनदा चाचपलं.

विन्सेंट म्हणाला, “त्या रात्रीचं सांगा काका. माझा बाबा पण होता ना.”

काकांनी कंदिलाची वात थोडी खाली केली. का, कोण जाणे.

“चोपन्न साल. चोवीस डिसेंबर, शुक्रवार. वर अमावास्या. स्टुडिओत त्या दिवशी बाईचा मरणाचा सीन होता. विधवा आई मरते. मेली. छान मेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी उठेना. मग उठली. म्हणाली, छातीत जड वाटतंय, मी जाते. घोडागाडी बोलावली आणि तशीच गेली. सिनेमाचं पांढरं लुगडं अंगावर. कपाळ झाकलेलं.

“धोंडू रात्री रंगाची पेटी आवरायला बसला. बघतो तर तिचं मंगळसूत्र आणि बांगड्या. कामाच्या वेळी ती त्याच्यापाशीच ठेवायची. सकाळी दिलं असतं तरी चाललं असतं. पण मंगळसूत्र गळ्यात असल्याशिवाय बाई पाण्याचा घोट घ्यायची नाही, हे त्याला ठाऊक. त्यानं सगळं रुमालात बांधलं. खोबरेलाची बाटली घेतली. कंदील घेतला. निघाला. काय मोठं काम? जायचं, द्यायचं, यायचं.

“कुर्ला रोड तेव्हा असा नव्हता. दोन्ही बाजूला शेतं. थंडी. लांब कुठंतरी तुमच्या लोकांचं गाणं चाललेलं. चालत चालत तो आला चकाल्याच्या क्रूसापाशी.

“क्रूसाच्या ओट्यावर बाई बसली होती.”

आत मामंजींचं घोरणंही थांबलं होतं.

“धोंडू म्हणाला, ‘बाई? थंडीत बाहेर कशाला?’

“ती म्हणाली, ‘घरात बायका आहेत.’

“‘कसल्या बायका?’

“‘आंघोळ घालतायत.’

“‘कोणाला?’

“बाईनं कपाळावरून हात फिरवला...

“मग म्हणाली, ‘पाणी गार आहे रे. चोळतायत. कपाळ चोळतायत... पाण्यानं जातं का ते, धोंडू?’”

“गार नव्हतं,” आत्याबाई म्हणाल्या. “कोमट होतं.”

सगळ्यांनी वळून बघितलं. आत्याबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. बोलल्यावर त्यांनी तोंड मिटलं, पण शब्द बाहेर पडला होता. माझ्याखेरीज बाकीच्यांना बहुधा ठाऊक असावं. मला तेव्हा कळलं.

काका त्यांच्याकडे न बघता पुढे बोलले. आता अगदी हळू.

“तिनं हात पुढे केला. ‘तेल दे.’

“धोंडूनं बूच काढलं. बाटली वाकडी केली.

“तेल पडलं.

“हातावर नाही.

“दगडावर.

“हात होता तिथंच...”

विन्सेंटनं छातीवर क्रूस केला. मघाची सगळी ऐट गेली होती.

“मिसाला जाणाऱ्या लोकांना धोंडू सापडला,” काका म्हणाले. “ह्याच्या बाबानं उचलला. गिल्बर्टनं. मूठ उघडेना, तीत मंगळसूत्र. फणफणून ताप. कितीतरी दिवस बोलला नाही. बोलला तेव्हा सांगून उपयोग उरला नव्हता. बाई घरी पोचली ती दारातच कोसळली होती. तो निघाला तेव्हा ती गेलेली होती. दुसऱ्या दिवशी क्लाराबायच्या घरी नाताळ, त्यांच्या सणात प्रेत कशाला, म्हणून शेजाऱ्यांनी त्याच रात्री उरकलं. चांगल्या मनानंच. पण बांगडी नाही, गळ्यात काही नाही, कपाळ कोरं. पांढऱ्या लुगड्यात नेली. ओटी नाही, हळदकुंकू नाही. ट्रंकेत हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. ह्याच दिवसासाठी ठेवलेलं. क्लाराबायनं काढून दिलं. म्हणाली, हे नेसवा, ती रोज कुंकू लावायची. तर तिला सांगितलं, तुम्हाला आमच्यातलं काय कळतं...”

“मग काय चुकलं?” आत्याबाईंचा आवाज चिरकला. “ह्या हातांनी आंघोळ घातली मी. कोणी नव्हतं तिचं, मी घातली. कपाळ मी स्वतः चोळलं. दोनदा. काही नव्हतं तिथं. आयुष्यभर सोंग केलं, मरताना खरं बाहेर आलं. सवाष्ण असती तर मी पाठवली असती अशी? मी?”

मला पहिल्यांदाच त्यांचे हात दिसले. म्हणजे हात रोजच बघत होते. पण चौकट इतकी घट्ट धरलेले नव्हते.

काका म्हणाले, “मी कुठं काय म्हणतोय, जानकी? धोंडूनं मंगळसूत्र वेसाव्याच्या समुद्रात सोडलं आणि गावी गेला. पुन्हा रंगाला शिवला नाही. तो जे म्हणाला, ते सांगतोय. ती मीठ कशाला मागेल? ती मागते खोबरेल. आणि लोक दार लावून घेतात.”

मी उठले.

“पाणी आण गं सगळ्यांना,” आत्याबाई म्हणाल्या. मी “बरं” म्हटलं नाही. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

स्वयंपाकघरात चिमणी होती. हंड्यामागे हात घातला. घडी होती. तेलकट, पण गार नव्हती. मला ती उघडायची नव्हती. उघडली नाही तर सकाळी विहिरीत टाकता आली असती. मधुकर घरी आले असते, किंवा... आणि त्यांना काही झालं, तर ह्या घरात एकजण तरी म्हणेल, कुंकू द्यायला हीच गेली होती. आणि काही झालं नाही, तरी पुढच्या नाताळला काका हीच गोष्ट सांगतील, आत्याबाई हेच म्हणतील, ‘काही नव्हतं तिथं’. आणि दिवेलागणीला परसातून हळू आवाज येईल, आणि कोणीतरी दार लावून घेईल. बहुतेक मीच.

उघडली.

माझ्याच पातळाचा तुकडा. निळा काठ. मध्ये दाट, कातडीच्या रंगाचा लेप, मेणाचे कण अडकलेले. तो एका अंगाला पुसून नेलेला. आणि घडीच्या बरोब्बर मधोमध, कापड कपाळावर दाबून धरल्यासारखा, एक लाल गोल.

रुपयाएवढा.

मी माझं कुंकू चाचपलं. होतं. मग सगळं एकदम सरळ झालं. दुसरीचं कुंकू न्यायला ती कशाला येईल?

मी कंदिलापाशी गेले, फडकं विन्सेंटच्या नेवऱ्यांच्या ताटाशेजारी पसरलं आणि उजेड वर केला. काका पुढे वाकले. त्यांनी वास घेतला आणि हात मागे घेतला; तो रंग त्यांनी जन्मभर हुंगला होता. दशरथनं पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. आत्याबाई चौकट सोडून आल्या. जवळ आल्या, आणखी जवळ. एक बोट त्या लाल गोलाकडे नेलं आणि टेकवलं नाही. चर्चची घंटा वाजायला लागली, तरी विन्सेंट उठला नाही.

“कुठून आणलंस हे?” आत्याबाईंनी विचारलं. “काय आहे हे? कोणाला दिलं होतंस? बोल की गं!”

तर मग मी बोलले.

“आत्याबाई, तुम्ही विहिरीवर म्हणाला होतात, हिला काही दिसलंच तर ही सांगणार कोणाला. तुम्हालाच सांगते. दिवेलागणीला त्या आल्या होत्या, तेल मी दिलं. त्यांनी माझं कुंकू नेलं नाही. त्यांचं होतं. ते बघितलं, ‘आहेत’ म्हणाल्या, आणि गेल्या.”